नॉबला हात लावायच्या आधी: डाऊनहिल बाईकचं सेटिंग आणि देखभाल

"तुझे रिबाउंडचे क्लिक किती आहेत रे?" म्हणजे सस्पेन्शनचा नॉब किती खाचा फिरवलाय, हा मेसेज दर सीझनच्या सुरुवातीला येतोच, कधी इथल्या व्हँकूव्हरच्या मराठी पोरांकडून, कधी पुण्यातल्या जुन्या रायडिंग ग्रुपमधून. मी क्लिक सांगतो, त्यात लपवायचं काही नाही, पण त्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: फोर्कची (पुढच्या सस्पेन्शनची) सर्व्हिस कधी झाली, टायरमध्ये आत्ता हवा किती आहे आणि मागच्या लिंकेजचे, म्हणजे मागचं चाक वर-खाली हलवणाऱ्या जोडांचे बोल्ट शेवटचे कधी तपासले. या तिन्हीची उत्तरं माहिती नसतील तर माझे क्लिक तुमच्या काहीही उपयोगाचे नाहीत, आणि हे मी मनापासून सांगतोय. तेच जरा सविस्तर लिहितो, कारण मेसेजमध्ये लिहून लिहून बोटं दुखतात आणि तरी अर्धं राहून जातं.

आधी कुठल्या बाईकबद्दल बोलतोय ते. डाऊनहिल बाईक म्हणजे पुढे मागे साधारण २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलतं ते अंतर), पुढे डबल क्राऊन फोर्क, म्हणजे ज्याच्या दोन्ही नळ्या हँडलपर्यंत वर जातात आणि दोन क्राऊनमध्ये पकडलेल्या असतात, हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन, ६२-६३ अंशांच्या आसपास आणि चढ चढायचा विचारच नाही. वर जायला लिफ्ट नाहीतर पिकअप. मी जिथे चालवतो ते व्हिसलर बाईक पार्क, व्हँकूव्हरहून सी टू स्काय हायवेने दोनेक तास, गाव आहे साधारण ६७५ मीटरवर आणि सगळ्यात वरच्या लिफ्टपर्यंत गेलात तर तिथून खाली जवळपास १५०० मीटरचा उतार मिळतो. एका दिवसात इतका उतार बाईकच्या अंगावर पडतो की साध्या ट्रेल बाईकचा महिनाभराचा मार त्या एका दिवसात बसतो. म्हणून इथे सेटिंग आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. फोर्कच्या सीलला तेल नसेल तर तो छोट्या खड्ड्यांवर हलतच नाही, मग माणसाला वाटतं कॉम्प्रेशन (दबण्याला होणारा अडथळा) जास्त आहे, तो कॉम्प्रेशन उघडतो, मग मोठ्या उडीवर फोर्क तळाला आपटतो, मग तो हवा वाढवतो, मग सॅग (आपल्या वजनाने सस्पेन्शन बसतं ते) कमी होतो आणि हात अजून दुखायला लागतात. सगळे नॉब फिरवून झाले, दुखणं होतं तेलाचं.

तर सुरुवात फोर्कपासून. फोर्कचे खालचे पाय, ज्याला सगळे लोअर्स म्हणतात, त्यात थोडंसंच तेल असतं, आणि ते तेल वरच्या फोमच्या रिंगांना आणि आतल्या बुशिंगला ओलं ठेवायचं काम करतं. सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स म्हणतं ५० तासांनी लोअर लेग सर्व्हिस करा, फॉक्स म्हणतं १२५ तास किंवा वर्षातून एकदा, आणि हे तास म्हणजे चालवण्याचे तास, लिफ्टवर बसून गप्पा मारायचे नाहीत. माझ्या मते ऑगस्टमधल्या व्हिसलरच्या धुळीत, जी अक्षरशः पिठासारखी बारीक असते, १२५ तास थांबणं चुकीचं आहे, मी ५० च्या आसपासच उघडतो, फोर्क कुठल्याही कंपनीचा असो. लक्षणं पण कळतात, नळ्यांवर तेलाचं काळपट कडं दिसायला लागतं किंवा उलट नळ्या एकदम कोरड्या दिसतात, आणि पुढचा ब्रेक धरून हँडल हलकेच दाबलं तर फोर्क आधी अडतो आणि मग सुटतो. तो जो अडण्याचा क्षण आहे ना, तोच ट्रेलवर तुमच्या तळहातात येतो.

काम अवघड नाहीये, घरी होतं. चाक काढायचं, एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) असेल तर हवा पूर्ण सोडायची (किती होती ते आधी लिहून ठेवायचं), पायाखालचे दोन बोल्ट काही आटे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, आणि प्लास्टिकच्या हातोडीने त्यावर हलकेच ठोकायचं म्हणजे आतला रॉड सुटतो, मग बोल्ट काढून लोअर्स खाली ओढायचे, खाली परात किंवा जुना ट्रे ठेवायचा कारण जुनं तेल येणारच. ते तेल नीट बघा. नुसतं काळं असेल तर ठीक, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांच्या चिंधीने पुसायचं, फोमच्या रिंगा काढून धुवून पिळून नव्या तेलात भिजवायच्या, सीलच्या ओठाला फोर्कचंच ग्रीस अगदी पातळ लावायचं आणि नवीन तेल कंपनीच्या तक्त्यात दिलंय तेवढंच, दोन्ही पायांत वेगळं असू शकतं, अंदाजे ओतायचं नाही. पायाखालच्या बोल्टचे वायसर दर वेळी नवीन, ते चेपले जाऊनच सील करतात. यातलं काहीही जमणार नाही असं वाटत असेल तर दुकानात द्या, त्यात काही कमीपणा नाही, फक्त द्या.

एक गोष्ट जी डाऊनहिलवाल्यांपैकी पण बऱ्याच जणांना माहिती नसते ती म्हणजे लोअर्समध्ये अडकलेली हवा. तुम्ही समुद्रसपाटीला फोर्क बंद केला, गाडीत टाकून साडेसहाशे मीटर वर नेला आणि मग लिफ्टने अजून हजारभर मीटर वर, तर आतली अडकलेली हवा बाहेरच्या मानाने जास्त दाबाची होते आणि शेवटच्या भागात फोर्क उगाच कडक लागतो, सीलवर पण आतून दाब येतो. फॉक्स ४० च्या पायांना मागे यासाठी छोटी बटणं असतात, रॉकशॉक्सच्या नव्या बॉक्सर फोर्कला पण असतात, वर पोचल्यावर दोन्ही बाजू एकदा दाबायच्या, फुस्स आवाज येतो, झालं. ज्या फोर्कला बटण नाही त्यात सीलच्या ओठातून पातळ गुळगुळीत केबल टाय घालून हवा सोडणारे लोक आहेत, मला ते आवडत नाही, सीलला चरा पडायची भीती असते.

मग बोल्ट. डाऊनहिल बाईकचा मागचा भाग सारखा कंप पावत असतो आणि बोल्ट सैल होतात, यात कुणाची चूक नाही, ते होतंच. मी प्रत्येक पिव्हटचा (लिंकेजच्या फिरत्या जोडाचा) बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला लावतो, जिथे सांगितलंय तिथे निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), आणि मग पांढऱ्या पेंट मार्करने बोल्टवरून फ्रेमवर एक सरळ रेघ ओढतो. नंतर सकाळी नुसत्या नजरेने कळतं, रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. नवीन बाईक किंवा नवीन बेअरिंग असेल तर पहिल्या दिवसानंतर सगळे बोल्ट पुन्हा बघायचेच. आणि एका पिव्हटमध्ये खेळ आला आणि तुम्ही तसंच चालवत राहिलात तर बेअरिंगची जागा झिजते, बेअरिंग स्वस्त असतं, फ्रेम नसते. तपासायला सोपं आहे, कुणालातरी सीट धरून हलकेच वर-खाली हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका जोडावर बोट ठेवा, टिक-टिक बोटाला लागते. शॉकच्या, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे बुश सगळ्यात आधी जातात, तिथूनच सुरुवात करा.

डबल क्राऊनमध्ये पुढची एक भानगड असते जी साध्या फोर्कमध्ये नसते. हेडसेट (हँडल ज्या बेअरिंगवर वळतं ते) टाईट करायचा तर वरच्या क्राऊनचे बोल्ट सैल करूनच करावा लागतो, नाहीतर वरची टोपी कितीही आवळा, काही सरकत नाही. क्राऊनचे बोल्ट एकदम नाही, आलटून पालटून थोडे थोडे, आणि टॉर्क बहुतेक क्राऊनवर छापलेलाच असतो. नळ्या क्राऊनमधून किती वर काढायच्या याची पण मर्यादा असते, पुढचं टोक खाली आणायच्या नादात नळ्या जास्त वर काढल्या तर फोर्क पूर्ण दबल्यावर टायर खालच्या क्राऊनला किंवा फ्रेमला आपटू शकतो, त्यामुळे नवीन फोर्क बसवला की हवा पूर्ण सोडून (किंवा स्प्रिंग काढून) एकदा शेवटपर्यंत दाबून बघायचं आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून नळ्यांचे रबरी बंपर फ्रेमला नीट टेकतात का ते पाहायचं. चाक बसवताना पण घाई नको: २० मिलिमीटरचा ॲक्सल आधी टाईट, मग पायाचे पिंच बोल्ट (ॲक्सलला चिमटीत धरणारे) सैल असतानाच फोर्क चार-पाच वेळा दाबायचा म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात, आणि मग पिंच बोल्ट. हे न करता लावलं तर दोन पाय एकमेकांना तिरके राहतात आणि नवंकोरं तेल असूनसुद्धा फोर्क अडतो. लोक सर्व्हिसचे पैसे भरून येतात आणि चाक असं बसवतात, वाईट वाटतं.

एवढं झालं की मगच हवा. टायरमधली हवा हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ताकदीचं सेटिंग आहे, आणि एकच गेज कायम वापरायचा, पंपावरच्या काट्यावर विश्वास नको, दोन पंप दोन आकडे दाखवतात. माझं सगळ्या गियरसकट वजन ८५ किलो, डाऊनहिल केसिंगचे टायर, पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय इथून मी सुरुवात करतो, मागे इन्सर्ट (टायरच्या आतली फोमची रिंग) असेल तर दोन-एक कमी. डाऊनहिल केसिंग म्हणजे दोन थरांचा जाड टायर, एकेक सव्वा किलोच्या पुढे, आणि इथे वजन वाचवायचा विचार करायचाच नाही, पातळ टायरला दगडाची धार लागली की बाजूची भिंत फाटते आणि सीलंट (टायरच्या आतलं भोकं बुजवणारं द्रव) त्याला काही करू शकत नाही. हवा तपासायची जागा आणि वेळ पण एकच ठेवा. दहा डिग्री तापमान बदललं की सव्वा ते दीड पीएसआयचा फरक पडतो, आणि हजार मीटर वर गेलात की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेज जास्त आकडा दाखवतो, म्हणजे पहाटे पार्किंगमध्ये भरलेले २४ आणि दुपारी डोंगरावर मोजलेले २४ हे एक नाहीत. मी पार्किंगमध्ये सावलीत मोजतो, कायम तिथेच.

चाकांच्या साईजवरून हल्ली वाद फार होतात म्हणून पटकन सांगतो. २०१७ मध्ये डाऊनहिल रेसर ग्रेग मिनारने फोर्ट विल्यमचा वर्ल्ड कप २९ इंची चाकांवर जिंकला आणि तिथून सगळं पालटलं, मग २०१९ पासून यूसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) पुढे मागे वेगवेगळ्या साईजला परवानगी दिली. मिनार सव्वासहा फुटाच्या आसपासचा माणूस. मी साडेपाच फुटांचा, उभ्या उतारावर मागे सरकलो की २९ इंची मागचं चाक बुडाला घासतं, म्हणून माझ्याकडे पुढे २९ मागे साडेसत्तावीस. आपली उंची बघून ठरवावं, पोडियम बघून नाही.

आता सॅग. सॅग म्हणजे तुम्ही बाईकवर उभे राहिल्यावर सस्पेन्शन स्वतःहून किती खाली बसतं, आणि यात 'उभे' हा मुद्दा महत्त्वाचा, सीटवर बसून मोजलेला सॅग डाऊनहिलला काही कामाचा नाही कारण आपण सीटवर बसतच नाही. फुलफेस हेल्मेट, नीपॅड, पाठीचं आर्मर, पाण्याची बाटली, बूट, सगळं घालून पेडलवर उभं राहायचं, गुडघे कोपरं थोडी वाकलेली, दोन-तीनदा हलकेच दाबून स्थिर व्हायचं आणि दुसऱ्याने नळीवरची रबर रिंग खाली सीलपर्यंत सरकवायची. पुढे १५ ते २० टक्के, म्हणजे २०० मिलिमीटरच्या फोर्कला ३० ते ४० मिलिमीटर. मागे २८ ते ३३ टक्के. नवीन माणूस पुढे मागे दोन्हीकडे ३० ठेवतो आणि मग उभ्या उतारावर पुढचं टोक सारखं बुडतं. उतारावर वजन आपोआप पुढे येतं म्हणून पुढे कमी सॅग लागतो, एवढं साधं आहे ते.

मागे कॉइल शॉक (हवेऐवजी लोखंडी स्प्रिंगचा) असेल तर स्प्रिंग निवडणं हा एक हिशेबच आहे आणि तो एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. माझा शॉक २५० बाय ७५, म्हणजे स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चाकाची हालचाल २००, म्हणजे सरासरी लिव्हरेज (शॉकच्या किती पट चाक हलतं ते) २.६७, आणि सुरुवातीला ते जास्त असतं, तीनच्या जवळ. उभं राहिल्यावर वजनाचा साधारण ६५ टक्के भाग मागच्या चाकावर धरला तर ८५ किलोतले ५५ किलो मागे, त्याला तीनने गुणलं तर शॉकवर १६५ किलो, म्हणजे साधारण ३६५ पाउंड. ३० टक्के सॅग म्हणजे साडेबावीस मिलिमीटर, म्हणजे ०.८९ इंच. भागाकार केला की ४१० पाउंड प्रति इंच येतो. म्हणजे ४०० किंवा ४२५ ची स्प्रिंग, मी ४०० घेतली कारण मला मुळांवर मऊ आवडतं. प्रीलोडची रिंग स्प्रिंग हलू नये एवढी, म्हणजे एक ते दोन फेरे, बस. सॅग येत नाही म्हणून चार-पाच फेरे आवळणारे लोक बघितलेत, त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा भाग अडवला जातो. त्यापेक्षा पुढच्या नंबरची स्प्रिंग घ्या, जुनी विकली जाते.

आणि आता कुठे क्लिक. क्लिक कायम पूर्ण बंद करून तिथून मोजायचे, उघड्याकडून नाही, कारण बंद ही एक नक्की जागा आहे. रिबाउंडने मी सुरुवात करतो, कॉम्प्रेशन सगळं उघडं ठेवून. रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत येतो. व्हिसलरच्या वळणांच्या आधी ब्रेकिंग बम्प्स असतात, सगळे तिथेच ब्रेक मारतात म्हणून जमिनीला लाटा पडतात, आणि हीच रिबाउंडची खरी परीक्षा. रिबाउंड फार स्लो असेल तर पहिल्या लाटेवर दबलेला फोर्क दुसऱ्या लाटेपर्यंत परत येतच नाही, तिसऱ्याला अजून खाली, आणि शेवटी तुम्ही अर्ध्याच ट्रॅव्हलवर चाललेले असता, ते लाकडी वाटतं आणि पोटऱ्यांपेक्षा आधी हाताचे पुढचे स्नायू भरून येतात. फार फास्ट असेल तर पुढचं चाक जमिनीवर टिकत नाही, वळणात सुटतं, आणि मागचं फास्ट असेल तर उडीच्या ओठावर बाईक मागून लाथ मारते, नाक खाली जातं, ती फार वाईट भावना आहे. माझी पद्धत अशी की एकच ट्रेल, एकच तुकडा, दोन क्लिक एका बाजूला, परत तोच तुकडा, मग दोन क्लिक दुसऱ्या बाजूला. एका वेळी एकच नॉब. पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम बदलले की काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

कॉम्प्रेशनमध्ये लो स्पीड आणि हाय स्पीड असे दोन नॉब असतात आणि इथे गैरसमज फार आहे, हा वेग बाईकचा नाही, शॉकच्या दांड्याचा वेग आहे. तुम्ही ताशी ५० ने गुळगुळीत बर्ममध्ये (वळणावरच्या उंच कडेच्या तिरक्या मातीत) शिरलात तर बाईक जोरात जातेय पण फोर्क हळूहळू दबतोय, ते लो स्पीड. तुम्ही चालण्याच्या वेगाने एका चौकोनी दगडावर चाक आपटलं तर ते हाय स्पीड. म्हणून ब्रेक मारल्यावर नाक बुडतंय, बर्ममध्ये बाईक ढेपाळतेय, उडी घेताना जोर वाया जातोय, तर लो स्पीड वाढवा. दगडांनी भरलेल्या तुकड्यात हाताला झटके बसतायत तर हाय स्पीड कमी करा. फोर्क वारंवार तळाला आपटतोय पण बाकी सगळं छान आहे, तर एअर फोर्कमध्ये एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला, हवा वाढवू नका, स्पेसरने फक्त शेवटचा भाग कडक होतो. आणि हो, दिवसातून एखाददोनदा तळ लागणं चांगलंच आहे, २०० मिलिमीटरचे पैसे दिलेत ते वापरायला नकोत का. रबर रिंग कायम पूर्ण ट्रॅव्हलच्या ४० मिलिमीटर अलीकडेच राहत असेल तर तुम्ही फार कडक चालवताय.

एकच सेटिंग सगळीकडे चालत नाही हेही खरं. ए-लाईन आणि डर्ट मर्चंट या उड्यांच्या ट्रेल, तिथे बाईक उभी राहायला हवी, म्हणून लो स्पीड दोन-तीन क्लिक जास्त आणि मागचा रिबाउंड एखादा क्लिक स्लो. श्लायर, गोट्स गली किंवा वर गार्बान्झोतली ओरिजिनल सिन अशा मुळांच्या, उभ्या, ओल्या ट्रेल असतील तर तेच क्लिक काढून टाकायचे आणि पुढच्या टायरची हवा एक पीएसआय कमी. मी दोन सेटिंग ठेवतो, एक उड्यांचं एक मुळांचं, आणि ट्रेल सुरू करायच्या आधी बदलतो. वर्ल्ड कपवाल्यांची सेटिंग इंटरनेटवर मिळतात, त्यांच्या फोर्कमध्ये हवा खूप जास्त असते, कारण ते ज्या वेगाने दगडावर जातात त्या वेगाला तेवढं लागतंच, आपण त्या वेगाने जात नाही तर ती बाईक आपल्याला नुसती कडक लाकडासारखी मिळते.

ब्रेकवर मात्र मी कधीही तडजोड करत नाही. चार पिस्टन, पुढे मागे २०० किंवा २२० ची डिस्क. नवीन पॅड बसवल्यावर सरळ लिफ्टमध्ये चढायचं नाही, आधी सपाटीवर मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत हळूहळू ब्रेक, असं वीसेक वेळा, मग जरा जास्त वेगातून दहाएक वेळा, चाक लॉक करायचं नाही आणि पूर्ण थांबायचं नाही, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. हे केलं नाही तर पहिल्याच लांब उतारावर पॅड काचेसारखे चकचकीत होतात, ओरडतात आणि पकडत नाहीत. लांब उतारासाठी मी सिंटर्ड म्हणजे मेटलचे पॅड वापरतो, आवाज जास्त पण उष्णतेला टिकतात. पॅडचं मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं की बदला, मी तर एक राहिलं की काढतो, डोंगरावर मध्येच संपायला नको. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा, बहुतेक लोक पॅड बदलतात आणि डिस्क विसरून जातात.

ब्रेकच्या तेलाच्या बाबतीत एक पक्कं लक्षात ठेवा, त्याचे दोन प्रकार, डॉट आणि मिनरल ऑइल, कधीही एकमेकांच्या जागी घालायचं नाही, सील फुगतात आणि मग ब्रेक फेकायचाच. आणि कंपनीच्या नावावरून पण ठरवू नका, स्रॅम कंपनीचा 'कोड' हा ब्रेक डॉटवर चालतो आणि त्यांचाच 'मेव्हन' मिनरल ऑइलवर. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं ते वाचा. डॉट ५.१ ताजं असताना किमान २६० डिग्रीला उकळतं पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषल्यावरचा प्रमाण आकडा आहे १८०. लांब उतारावर कॅलिपरमध्ये वाफ झाली की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक नसतो. म्हणून डॉटवाल्यांनी वर्षातून एकदा ब्लीड (जुनं तेल आणि हवा काढून नवीन तेल भरणं) करायचंच, बाईक चालवली नसली तरी. अजून एक, आपल्याकडे भारतात उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, कॅनडात उजव्या हाताला मागचा. इथे येऊन भाड्याने डाऊनहिल बाईक घेणार असाल तर पहिल्या उतारावर जायच्या आधी दुकानाच्या दारातच हे बघा, घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच चालतो. आणि स्वतःची बाईक असेल तर होस (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) बदलून घ्या, ऑलिव्ह आणि बार्ब (होसच्या जोडाचे छोटे भाग) नवीन टाकून ब्लीड करावं लागतं, पण कायमची काळजी जाते.

चाकांबद्दल थोडक्यात, दर काही दिवसांनी दोन-दोन स्पोक हातात धरून दाबत पूर्ण चाक फिरवा, एखादी जोडी ढिली लागली की लगेच कळतं. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढणं शिकून घ्या, निदान छोटा आऊट काढता यायलाच हवा, कारण ढिल्या स्पोकवर चालवलेलं चाक दोन दिवसांत कामातून जातं. रिमला चेप आला आणि हवा धरत असेल तर उगाच पकडीने सरळ करायला जाऊ नका, ॲल्युमिनियम वाकवून परत वाकवलं की तडकतं. सीलंट दोन-तीन महिन्यांनी बघा. चेनचं फार काही नाही, डाऊनहिलला सात गिअर पुरतात, चेन गाईड सरळ आहे ना आणि डेरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलेला नाही ना एवढं पाहिलं की झालं.

धुताना प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर, हबवर, फोर्कच्या सीलवर थेट मारायचा नाही. बादली, साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि धुतल्यावर फोर्कच्या नळ्या कोरड्या चिंधीने पुसायच्या. डिस्कवर कुठलाही स्प्रे उडू द्यायचा नाही. चेनला तेल घालताना पण डिस्कवर जुना कपडा टाकून ठेवतो मी.

पुण्यातल्या मित्रांसाठी वेगळं सांगतो कारण तिकडची जमीन वेगळी. सह्याद्रीतला काळा बसाल्ट धारदार असतो आणि वर मुरूम सुटा, म्हणून पातळ केसिंग तिथे इथल्यापेक्षाही लवकर फाटतं, एन्ड्युरो बाईक असली तरी मागे तरी डाऊनहिल केसिंग टाकाच. उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, एप्रिल-मे मध्ये दर महिन्याला टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का बघा. पावसाळ्याचे चार महिने चालवणार असाल तर पावसाच्या शेवटी, दसऱ्याच्या आसपास म्हणा, पिव्हटची सगळी बेअरिंग काढून बघायची, बोटाने फिरवल्यावर खरखर लागली की छर्रे गंजलेत, ग्रीस भरून काही होत नाही, नवीनच टाका. सील किट, क्रश वायसर, पॅड या गोष्टी तिकडे हव्या तेव्हा मिळतीलच असं नाही, म्हणून सीझनच्या आधी एक संच घरात ठेवा. आणि शिलाई मशीनचं तेल चेनला एक वेळ चालेल पण फोर्कच्या नळीवर ते किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो सीलमधून आत जाऊन आतलं तेल पातळ करतो.

मी एक छोटी वही ठेवतो, फोनमध्ये नाही, कारण ग्लोव्ह आणि चिखल. प्रत्येक पानावर तारीख, ट्रेल, हवामान, पुढची मागची हवा, फोर्कची हवा, सॅग, सगळ्या नॉबचे क्लिक आणि एक वाक्य की कसं वाटलं. खाली सर्व्हिसपासून किती तास झाले. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण जुलैत जमलेलं सेटिंग ऑगस्टमध्ये 'बिघडलं' असं वाटलं आणि पान उलटून बघितलं की तास पन्नाशीला आलेले असतात. मग नॉबला हात न लावता लोअर्स खोलायचे, तेल बदलायचं, आणि तेच जुने क्लिक परत बरोबर लागतात.

गाडीत कायम असतं ते पण लिहून टाकतो, कुणी ना कुणी विचारतंच: टॉर्क रेंच, ॲलन की चा पूर्ण संच आणि टी२५ (चांदणीच्या टोकाची की), शॉक पंप, तो एकच डिजिटल गेज, पॅडचे दोन जोड, डिस्कचे बोल्ट, ट्यूबलेसचे प्लग, निळं थ्रेडलॉकर, पेंट मार्कर, आयसोप्रोपिलची बाटली, चिंध्या, आणि तुमच्या फ्रेमलाच बसणारा एक डेरेलर हँगर, कारण हँगरचे प्रकार शेकड्याने आहेत आणि तुमचा नेमका त्या दिवशी दुकानात नसतो.